कोड पिंक आणि छोटा हत्ती

आमच्या रुग्णालयात एक फाइल आहे. तिच्यावर 'फाइलींची यादी' असं लिहिलंय. ही यादी अद्ययावत आहे का, याची नोंद दुसऱ्या एका फाइलीत असते. ती दुसरी फाइल कोणत्या कपाटात आहे, हे पहिल्या फाइलीत लिहिलेलं आहे. आणि पहिली फाइल, असेसर येणार असं कळलं त्या दिवसापासून, सापडत नाही.

हे सगळं सांभाळणाऱ्या माणसाला क्वालिटी कोऑर्डिनेटर म्हणतात. तो मी. छिंदवाडा रोडला लागून, कोराडीच्या वीज केंद्राची चिमणी खिडकीतून दिसेल इतक्या अंतरावर, आमचं तीस खाटांचं रुग्णालय आहे. तिथे मी बिलिंगला होतो. एकदा डॉक्टरसाहेबांनी आत बोलावलं.

"तुझं अक्षर चांगलं आहे म्हणे?"

"हो सर."

"मग आजपासून क्वालिटी तुझ्याकडे."

ज्या इमारतीत बाकी सगळ्यांचं अक्षर फक्त खालच्या मेडिकलवाल्याला लागतं, तिथे ही निवड तशी रास्तच म्हणायची. पगार तोच राहिला, खुर्चीही तीच, पण चादरी ठेवायची एक खोली रिकामी करून मिळाली आणि गळ्यातल्या कार्डावर नवा हुद्दा आला. गावाकडच्या भावाला फोन करून सांगितलं. तो जरा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "म्हंजे आतापर्यंत तुमच्या दवाखान्यात क्वालिटी नव्हती काय बे?"

आम्हाला हवी होती एनएबीएचची मान्यता. क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडियाच्या छत्राखाली चालणारं हे मंडळ रुग्णालयांना तपासून प्रमाणपत्र देतं. ते भिंतीवर लागलं की कॅशलेसवाले नीट बोलतात, सीजीएचएसच्या दरांतही फरक पडतो. रुग्णसुरक्षेबद्दल डॉक्टरसाहेबांच्या मनात तळमळ पहिल्यापासून होतीच. ते दरपत्रक वाचल्यावर ती अनावर झाली. पन्नास खाटांपर्यंतच्या रुग्णालयांसाठी मंडळाचं वेगळं, आटोपशीर पुस्तक आहे. साहेबांनी मोठ्या रुग्णालयांचंच मागवलं. म्हणाले, "उद्या आपण शंभर खाटा केल्या तर?"

त्या पुस्तकात दहा प्रकरणं आणि शंभर मानकं आहेत. त्यांच्या पोटात आधीच्या, पाचव्या आवृत्तीत ६५१ मुद्दे होते; २०२५ च्या सहाव्या आवृत्तीत ६३९ झाले. ही आनंदाची बातमी मी स्टाफ मीटिंगमध्ये दिली. इन्चार्ज सिस्टर लगेच म्हणाल्या, "म्हणजे बारा कामं कमी झाली. कोणती ती सांगा, आत्ताच बंद करते." मी अजून शोधतोय.

पुस्तक वाचल्यावर एक गोष्ट ध्यानात आली. केलेलं काम लिहून ठेवायचं, एवढाच त्याचा आग्रह आहे. आमच्या माणसांनी त्यातलं अवघड काम गाळून सोपं तेवढं उचललं आणि ते मात्र मन लावून केलं. बाथरूमच्या दारामागे सफाईचा तक्ता लावला होता, दर दोन तासांनी सही करायची. मी सकाळी नऊला पाहिला तर रात्री आठपर्यंतच्या सह्या झालेल्या.

"मावशी, हे काय?"

"सायंकाळी पेन सापडत नाही ना जी."

लसी आणि इन्सुलिनच्या फ्रिजचं तापमान २ ते ८ अंशांच्या मध्ये हवं आणि ते रोज लिहायला हवं. आमची नोंद अप्रतिम होती. रोज ४. सकाळी ४, संध्याकाळी ४, मे महिन्यात बाहेर शेचाळीस असताना आत ४. एकतीस नोव्हेंबरलाही ४. आत पाहिलं तर इन्सुलिनच्या शेजारी कुणाचं तरी दही लागलेलं होतं. ते मात्र खरोखर छान थंड होतं.

राखेचा मुद्दा पुस्तकात नाही. पुस्तक लिहिणाऱ्यांपैकी कुणी कोराडीत राहिलेलं दिसत नाही. इथे सकाळी पुसलेल्या खिडकीच्या चौकटीवर दुपारी बोटाने नाव लिहिता येतं, आणि पोरं लिहितातच. मी एकदा 'धूळ आढळली' असा शेरा मारला. मावशींनी मला हाताला धरून खिडकीशी नेलं, चिमणी दाखवली आणि म्हणाल्या, "शेरा तिकडं पाठवा."

मग कचऱ्याचं प्रशिक्षण झालं. जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम आहेत, त्यांत चार रंग. रक्ताचे बोळे, मुदत संपलेली औषधं पिवळ्यात, सलाइनच्या नळ्या, हातमोजे लालमध्ये, सुया पांढऱ्या, टोचून फुटणार नाही अशा डब्यात, काच निळ्यात. दुसऱ्या दिवशी पिवळ्या बादलीत संत्र्याची सालं. पेशंटच्या काकाजींना विचारलं तर म्हणाले, "रंग पाहूनच टाकली जी." त्यांच्याकडून चूक ती काय झाली? प्रशिक्षणात वॉर्डबॉयने तर मला निरुत्तर केलं होतं.

"सर, खर्र्याची पन्नी कायच्यात टाकायची?"

"दवाखान्यात खर्रा खायचाच नाही."

"मी नाही जी, पेशंटचे नातेवाईक खातेत. पन्नी प्लॅस्टिकची, तिला थुंकी लागलेली. म्हंजे लालच ना?"

नियमाच्या शब्दात पाहिलं तर त्याला नापास करायला जागा नव्हती. विदर्भात हे नियम लागू करताना सरकारने खर्र्याचं एक स्वतंत्र परिशिष्ट जोडायला हवं होतं.

हात धुण्याचं प्रकरण वेगळंच. १८४७ साली व्हिएन्नात सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरने सहकाऱ्यांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुवायला लावले. बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले आणि सहकारी भयंकर चिडले. आमचे डॉक्टरसाहेब हुशार आहेत, दरवर्षी नवं काही शिकतात, पण या बाबतीत अजून व्हिएन्नाच्या त्या सहकाऱ्यांच्याच पंथाचे. साबणाने धुवायचे तर चाळीस ते साठ सेकंद लागतात असं मी सांगितलं, तर म्हणाले, "तेवढ्यात माझी ओपीडी अर्धी होते." सिस्टरांनी मात्र हात धुण्याच्या पायऱ्या चटकन उचलल्या. नवरात्र जवळ आलं होतं, कुणीतरी मोबाइलवर गरबा लावला, आणि तळवा तळव्यावर, बोटांत बोटं, अंगठा फिरवून, असं सगळं तालात बसलं. हात पुरते निर्जंतुक झाले, फक्त शेवटच्या टाळीला सगळ्यांनी एकमेकींच्या हातावर हात मारले.

आता ड्रिल. आग लागली तर कोड रेड, हृदय बंद पडलं तर कोड ब्लू, मूल पळवलं तर कोड पिंक. कोड पिंकला सगळी दारं अडवायची असतात. एका विद्यार्थिनी नर्सने बाहुली दुपट्यात गुंडाळली, नागपुरी पद्धतीने चेहऱ्याला स्कार्फ बांधला, डोळे तेवढे उघडे ठेवले, आणि निघाली. मी माइकवर ओरडलो, "कोड पिंक! कोड पिंक!" आमचा स्पीकर जुना. कॅन्टीनच्या पोराला 'कोल्ड ड्रिंक' ऐकू गेलं आणि तो चार बाटल्या घेऊन पळत वर आला. धावपळ म्हणावी तर एवढीच झाली. गेटवर मामा होते, आमचे सिक्युरिटी गार्ड. त्यांनी उठून चोराला दार उघडून दिलं, ऑटो थांबवला आणि ऑटोवाल्याला दम भरला, "गड्ड्यातून हळू ने बे, बाळंतीण हाय."

मी खाली पोचलो तेव्हा बाहुली तिरंगी चौकापर्यंत गेली असावी.

"मामा, बाळ चोरीला गेलं!"

"अन् मी वीस रुपये सुटे पन देल्ले तिले!"

मामांनी हे फार मनाला लावून घेतलं. पुढच्या आठवड्यात खऱ्या आजी खऱ्या नातवाला, डिस्चार्जचा खरा कागद घेऊन निघाल्या, तर मामा दारात आडवे. कागद उलटा धरून वाचला, पट्टी तपासली, समाधान होईना. आजी कडाडल्या, "माह्या पोरीचं लेकरू हाय! नाक पाह्य त्याचं, अन् माह्यं पाह्य!" मामांनी दोन्ही नाकं खाली वाकून, नीट, बाजूनेही पाहिली आणि मगच सोडलं. मी या तपासणीची नोंद कोणत्या रजिस्टरला करावी या विचारात पडलो. शेवटी 'ओळख पडताळणी, इतर पद्धती' असं लिहून टाकलं.

आगीच्या ड्रिलला मी स्वतः सिलिंडर चालवून दाखवला. पिन ओढा, नळी आगीच्या बुडाशी धरा, दाबा, डावी-उजवीकडे फिरवा. वारा कोणत्या बाजूने आहे ते पुस्तकात नव्हतं. पावडर खाली बसली तेव्हा मी पांढऱ्या भुवयांनी उभा होतो, आणि मावशी झाडू घेऊन म्हणाल्या, "चिमणीची राख कमी पडत होती काय?"

आणि कूलर. नागपूर जिल्ह्यात आपत्कालीन जिना हा मुळात कूलर ठेवायला बांधतात, असं माझं प्रामाणिक मत झालंय. मार्चमध्ये कूलर खिडक्यांना लागतात. पाऊस सुरू झाला की उतरतात, आणि ते लोखंडी ढब्बू, आत वाळलेल्या ताट्या, एकावर एक, जिन्यात जाऊन बसतात. म्हणजे जिना उन्हाळाभर मोकळा आणि बाकी आठ महिने भरलेला. आग लागायचीच असेल तर तिने एप्रिल-मेमध्ये लागावं, अशी एकूण व्यवस्था. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली, दहा बाळं गेली. भंडारा इथून दीड तासाच्या रस्त्यावर. त्या महिन्यात आमचे कूलर मध्यरात्री जिन्यातून बाहेर निघाले होते, कुणी सांगायलाही लागलं नव्हतं. ते गच्चीवर गेले. पुढे उन्हाळा आला, कूलर लागले. मग पाऊस आला आणि गच्ची गळते म्हणून ते पुन्हा जिन्यात. महाराष्ट्राच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे दर जानेवारीत आणि जुलैत अग्निसुरक्षेचा बी फॉर्म द्यावा लागतो. तो आम्ही देतो. बी फॉर्मवाला येतो त्या दिवशी कूलर गच्चीवर ऊन खात असतात.

मंडळाच्या असेसरांची तारीख आली ती नेमकी नवरात्रातली, अष्टमीची.

बाहेरच्यांना सांगायला हवं, नवरात्रात कोराडी म्हणजे काय असते. नागपुरातून माणसं रात्रभर चालत, बरीचशी अनवाणी, जगदंबेच्या दर्शनाला येतात. आमच्या कॅज्युअल्टीत त्या नऊ दिवसांत हृदयविकारापेक्षा पायाचे फोड जास्त. देवी सकाळी बालिका, दुपारी तरुणी आणि रात्री प्रौढा दिसते अशी इथली श्रद्धा आहे. आमचं रुग्णालयही शिफ्टप्रमाणे तीन रूपं दाखवतं, फक्त क्रम उलटा आहे. सकाळी ते प्रौढ असतं: सिस्टर टोपीत, डॉक्टर जागेवर, फरशीला फिनाइलचा वास. दुपारी जरा अवखळ होतं. रात्री दोनला ते बालक असतं आणि बालकासारखं झोपतं. असेसर सकाळी येतात, ही मंडळाची मोठी कृपा.

आदल्या रात्री सगळी तयारी झाली. रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक कॅलेंडरच्या मागून पुढे आलं. फ्रिजमधलं दही संपवण्यात आलं. स्टाफने रुग्णालयाचं ध्येयवाक्य पाठ केलं. वॉर्डबॉय तर इतका तयार झाला की त्याला बेड नंबर चारचं नाव विचारलं तरी तो 'परवडणारी, सुरक्षित व करुणामय सेवा' म्हणायचा. राहिले कूलर. गच्चीवर मांडववाल्याचं सामान होतं, आवारात अनवाणी भाविक झोपलेले. डॉक्टरसाहेबांनी तोडगा काढला. पहाटे एक छोटा हत्ती बोलावला, त्यात कूलर चढवले आणि ड्रायव्हरला सांगितलं, "असेसर जाईपर्यंत फिरवत राहा. दवाखान्याजवळ दिसू नको."

ड्रायव्हर प्रामाणिक. तो महादुल्याकडून मंदिराकडे निघाला आणि भाविकांच्या गर्दीत अडकला. दोन तास तो जागचा हलला नाही. त्याच्या बरोब्बर मागे अडकलेल्या पांढऱ्या गाडीत असेसर होते.

हे आम्हाला ठाऊक नव्हतं. असेसर उशिरा, घामाघूम पोचले. दोघे होते, एक सर आणि एक मॅडम, दोघेही सौजन्यमूर्ती. चहा झाला. सरांनी चष्मा पुसला आणि विचारलं, "तुमच्याकडे वॉर्ड नंबर दोन, जनरल, पुरुष, असा वॉर्ड आहे का?"

"आहे ना सर. काहून?"

"त्याचे कूलर देवीला चाललेत. पाठीमागे रंगवलंय, रुग्णालयाच्या नावासकट. दोन तास वाचत होतो, फोन नंबरही पाठ झाला."

डॉक्टरसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी ध्येयवाक्याकडे पाहिलं. इन्चार्ज सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "सर्व्हिसिंगला पाठवलेत सर. प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स." मला वाटतं, त्या क्षणी त्यांना एनएबीएचची मान्यता वैयक्तिक पातळीवर द्यायला हरकत नव्हती.

सरांनी पुढचा प्रश्न काढला. "वीज गेली तर जनरेटर किती सेकंदांत सुरू होतो?"

साहेबांना आता कुठे सूर लागला. त्यांनी खिडकीकडे हात केला. "सर, ती चिमणी पाहा. ६६० मेगावॅटचे तीन संच आहेत तिथे. सगळ्या महाराष्ट्राला इथून वीज जाते. कोराडीत आणि लाइट..."

लाइट गेले.

महाराष्ट्राला जाणारी वीज आमच्या डोक्यावरून, उंच मनोऱ्यांच्या तारांतून, दिमाखात निघून जाते. आमच्याकडे येते ती कोपऱ्यावरच्या डीपीतून, आणि डीपीत खार शिरली होती. जनरेटरने एक ढेकर दिली, गप्प झाला, पुन्हा ढेकर, तिसऱ्यांदा, अंधारात आमचे सगळ्यांचे श्वास रोखलेले असताना, सुरू झाला. असेसर मॅडमनी मोबाइलच्या उजेडात फ्रिजचं रजिस्टर उघडलं. त्याच वेळी ड्यूटीवरच्या पोरीने, सवयीने, दुपारची नोंद करून टाकली. ४.

त्या दिवशी आमची लाज राखली ती मावशींनी. कॅज्युअल्टीत एका यात्रेकरूच्या पायातून फरशीवर रक्त सांडलं होतं. सरांनी विचारलं, "मावशी, हे कसं साफ कराल?" मी मागून ओठ हलवून उत्तर सांगू लागलो. मावशींनी माझ्याकडे पाहिलंही नाही. मोजे चढवले, पाटी आडवी लावली, रक्तावर कागद पसरला, वरून एक टक्का हायपोक्लोराइट ओतलं आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"आता?"

"आता दहा मिनिटं थांबा लागते. तुमीबी थांबा, तिकडून फिरून जाऊ नका."

दहा मिनिटं दोन असेसर, एक डॉक्टर आणि एक क्वालिटी कोऑर्डिनेटर त्या पाटीच्या अलीकडे निमूट उभे. मग मावशींनी कागद उचलून पिवळ्यात टाकला, फरशी पुसली, मोजे लालमध्ये टाकले, बेसिनवर जाऊन हात धुतले, तोंडाने गरबा गुणगुणत, आणि परत येऊन सरांना म्हणाल्या, "एक इचारू? राग नाही ना येनार? तुमी आता त्या पेशंटच्या पायाले हात लावला, त्याच्या आंधी हात धुतले होते काय?"

सर बेसिनकडे गेले. आमच्या डॉक्टरसाहेबांनीही मागोमाग जाऊन हात धुतले. पूर्ण चाळीस सेकंद. मी घड्याळ लावून पाहिलं.

समारोपाच्या बैठकीत त्रुटींची यादी वाचून दाखवली. ती लांब होती, पण अपेक्षेपेक्षा लहान. आठवणीत राहिला एक मुद्दा: आपत्कालीन जिना मोकळा आढळला, मात्र तेथील भिंतीवर गंजाचे आयताकृती डाग आढळले, व त्यांची मापे सकाळी वाहनात पाहिलेल्या वस्तूंशी जुळतात. सबब सदर वस्तू कायमस्वरूपी कुठे ठेवणार, ते छायाचित्रासह कळवावे.

बरीच चर्चा झाली. गच्ची गळते, आवार भरलेलं, जिना निषिद्ध. डॉक्टरसाहेब म्हणाले, "एक खोली आहे. तिथे पेशंट जात नाही, डॉक्टर जात नाही, महत्त्वाचं काहीच होत नाही."

त्यामुळे क्वालिटी विभागात सध्या कूलर आहेत. दारापासून खिडकीपर्यंत, एकावर एक. छायाचित्र काढून पाठवलं, मुद्दा बंद झाला. खुर्चीपर्यंत पोचायला दोन कूलर सरकवावे लागतात, आणि बसल्यावर ते परत ओढून घ्यावे लागतात, नाहीतर दार लागत नाही. फाइलींची यादी सापडली, वॉर्ड नंबर दोनच्या कूलरमध्ये, ताटीच्या मागे. काल इन्चार्ज सिस्टर फटीतून डोकावल्या.

"सर, आग लागली तर तुम्ही इथून कसे निघाल?"

"एसओपी लिहितोय," मी आतून म्हणालो.